तिसरीच्या चिठ्ठ्या

जेवताना कोटाच्या खिशावर हात ठेवून बसणारा माणूस मला आवडत नाही, मग तो माझ्या पोटचा का असेना. माझा मर्ल त्या रविवारी तसाच बसला होता. शाळेचा मुख्याध्यापक, गळ्यात टाय, समोर मी केलेलं भाजलेलं मांस आणि मक्याची भाकरी, पण डावा हात काही खिशावरून हलेना. एका हाताने लोणी लावायला गेला तर भाकरी ताटाबाहेर पळाली.

"काय आहे रे खिशात? अंडी उबवतोयस का?"

"काही नाही गं आई. शाळेचे कागद आहेत."

मी सहावीत शाळा सोडली आणि सदतीस वर्षं त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. शाळेचे कागद छातीशी धरून बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नदीकाठच्या आमच्या या गावाला दोनच गोष्टींचा तोरा. एक काचेचा कारखाना आणि दुसरी शाळेतली मतं. दर चार वर्षांनी, देशाचा अध्यक्ष निवडायच्या आधी, पहिली ते सहावीची मुलं चिठ्ठीवर आपलं मत लिहितात. मुलं ज्याला निवडतात तोच पुढे खऱ्या मतदानाच्या मंगळवारी निवडून येतो. माझ्या डोळ्यांदेखत नऊ वेळा असंच झालं. शहरातले वर्तमानपत्रवाले येतात, दात पडलेल्या पोरांचे फोटो काढतात आणि विचारतात, यातलं गुपित काय? गुपित कसलं डोंबलाचं! संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जे कानावर पडतं तेच पोरं सकाळी लिहितात. बाप कारखान्यात मान डोलावतो, चर्चमध्ये गोड हसतो, पण खरं बोलतो ते बटाटे वाढून घेताना.

मोजणी माझ्या जेवणघरात होते. शिक्षकांचा एकमेकांवर भरवसा नाही, आम्हा स्वयंपाकिणींवर मात्र सगळ्यांचा आहे. मोजून झालं की सगळ्या चिठ्ठ्या माझ्या चुलीत जातात. मर्ल दुपट्यात होता तेव्हापासूनचा हा रिवाज.

यंदा कारखान्याच्या फाटकावर मालकाने पाटी लावली होती. जुना अध्यक्ष राहिला तरच भट्टी पेटती राहील, असं तिच्यावर लिहिलं होतं. झाडून सगळ्या माणसांनी जुन्याचा बिल्ला छातीवर लावला. आणि पोरांनी? जुन्याच्या एका मतामागे त्याच्याविरुद्ध उभ्या नव्या माणसाला तीन! मी दोनदा मोजलं. मोजता मोजता तिसरीचा गठ्ठा हातात आला आणि मला हसूच फुटलं. तिसरीला नवीन बाई आल्यात, कडक. ज्या कागदावर नाव नाही तो कागद त्या हातात घेत नाहीत. तेव्हा त्या गुणी लेकरांनी आधी वर कोपऱ्यात सुंदर अक्षरात आपापलं नाव लिहिलं होतं आणि मग खाली मत. 'लॉटी कोप. नवा.'

"मर्ल, बघ रे, गुप्त मतदान!" मीच ओरडले. मीच दाखवलं. तोही हसला. बाकीच्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या, आणि तिसरीचा गठ्ठा त्याने खिशात टाकला. "फोटोवाल्यांना गंमत दाखवतो," म्हणाला.

फोटोवाले मात्र आदल्याच दिवशी येऊन गेले होते. हे मला त्या रविवारी मर्ल जेवून गेल्यावर भांडी घासताना आठवलं.

पुढच्या शुक्रवारी तिसरीची रांग आली. लॉटी कोप नेहमी दोनदा बीट मागणारी. त्या दिवशी तिने ताटलीच उचलली नाही.

"पोटात दुखतंय का गं?"

"नाही आजी. बाबा घरी आहेत. हॅस्केल साहेबांनी त्यांना भट्टीवरून काढलं."

"माझ्याही बाबांना," तिच्या मागची म्हणाली.

"आमच्याही," असं आणखी एकीने सांगितलं.

रांग संपेपर्यंत सात झाले. माझ्या समोरून सहा वर्ग जातात, पोरगं न् पोरगं मला ठाऊक. मी दुसरीला विचारलं, चौथीला विचारलं. कोणाच्या बापाला काही झालं नव्हतं. सातही तिसरीचेच. पळी पातेल्यात सोडून, एप्रन अंगावर तसाच ठेवून मी मर्लच्या खोलीत गेले.

"कोणाला दिल्यास त्या चिठ्ठ्या?"

"आई, दार तरी लाव."

"दार लावायची अक्कल तेव्हा कुठे होती? कोणाला दिल्यास?"

"हॅस्केल साहेबांनी नुसत्या बघायला मागितल्या. कारखान्याचे व्यवस्थापक आहेत ते. शाळेवर नवं छप्पर तेच घालून देतायत. मी नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने म्हणायचं. लॉटीचा बाप अँटन एकोणीस वर्षं त्या भट्टीपुढे उभा आहे. भुवया जळून गेल्यात त्याच्या. त्याने काय गुन्हा केला? आपल्या टेबलावर, आपल्या बायकोपाशी बोलला!"

मर्ल टाय सारखा करत राहिला. मग म्हणाला, "मी रदबदली केलीय. ते म्हणतात, सगळ्या शाळेचं मत पुन्हा एकदा घ्या. गावाने मन बदललं असेल तर सातही जणांना परत घेऊ."

"आणि बदललं नसेल तर?"

त्याने टेबलावरचे कागद सरळ केले.

"सगळ्यांच्या चिठ्ठीवर नाव असणार का रे, मर्ल?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर छपराच्या फळ्या येऊन पडल्या होत्या.

"जा आणि त्याला सांग, माझ्या शाळेत हे होणार नाही."

"आई, तुला नाही कळत यातलं."

पुन्हा मत घ्यायचं बुधवारी ठरलं. मधल्या दिवसांत गावात कोणी मोठ्याने बोललं नाही. संध्याकाळी रस्त्याने जाताना खिडक्यांतून नुसते काटे-चमचे वाजलेले ऐकू यायचे. मताच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पहिलीची रांग आली. मी एका चिमुरडीला विचारलं, "वाटाणे वाढू की बीट?"

तिने आधी मागे बघितलं, मग दाराकडे.

"तुम्हाला काय आवडेल, आजी?"

सदतीस वर्षांत मला असं कोणत्याही पोराने विचारलं नव्हतं. नाकं मुरडतात, ताटली मागे ओढतात, रडतात. त्या दिवशी सगळ्या वर्गांनी जे वाढलं ते घेतलं आणि खाली मान घालून खाल्लं. जेवणघरात इतकी शांतता होती की नळ ठिबकलेला ऐकू येत होता.

बुधवारी मोजायला मी एकटीच बसले. दुसऱ्या दोघी स्वयंपाकिणी डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या. दोनशे त्र्याहत्तर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर नाव. जुना. जुना. जुना. एकही वेगळी निघेना. पहिलीच्या पोरांना नीट लिहिता येत नाही, त्यांच्याही चिठ्ठ्यांवर जुन्याचं नाव बिनचूक होतं, आयांनी घरी बसवून गिरवून घेतल्यासारखं. लॉटीच्या चिठ्ठीला मधोमध भोक पडलं होतं. काहीतरी लिहून इतक्या जोराने खोडलं होतं की कागदच फाटला. भोकाच्या खाली लिहिलं होतं, जुना.

मर्ल आला, उभ्याउभ्याच गठ्ठा चाळला आणि त्याचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी त्याचे दोन्ही हात मोकळे दिसले.

"बघ, आई! उगाच घाबरवलंस मला. सातही माणसं सोमवारी कामावर. सगळं ठीक झालं की नाही?"

मी एप्रन सोडला, घडी घातली आणि त्याच्यासमोर ठेवला.

"मर्ल, येत्या मंगळवारी कोण निवडून यायचा तो येवो. नऊ वेळा या पोरांनी गावाच्या पोटातलं सांगितलं, कारण त्यांना वाटायचं की विचारणाऱ्याला खरं ऐकायचंय. आज दोनशे त्र्याहत्तर लेकरांनी स्वतःचं नाव घालून तुला खोटं सांगितलं. ते त्यांना तू शिकवलंस. तू शिकवलेलं बाकी सगळं ती विसरतील, हे एक मरेपर्यंत विसरायची नाहीत. रविवारी येऊ नकोस. तुझं ताट मांडणार नाही मी."