शिवबाईची मोटार

गुरप्पानं मोटार घेतली तेव्हा ती तीन घरचं पाणी पिऊन आली होती. आधी एका गोऱ्या साहेबाची, मग एका वकिलाची, मग रस्त्याच्या ठेकेदाराची, आणि ठेकेदारानं तिच्यातून खडी वाहून झाल्यावर गुरप्पाची. छपराला ठिगळं, टायर टकले, आणि चालायला लागली की मडक्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. पण मंगळवार पेठेतल्या भुसार दुकानदारांत मोटार असलेला तो एकटाच. त्याला ती मिरवायची होती. तिच्यावर खर्च मात्र करायचा नव्हता. म्हणून त्यानं बायकोच्या भावाला घरी आणलं.

मल्लप्पा गिरणीत फिटर होता. "गिरणीत काय पडलंय? घरच्या माणसानं घरची गाडी बघावी की," गुरप्पा म्हणाला, आणि मल्लप्पानं पक्की नोकरी सोडली. बहिणीच्या हातची भाकरी रोज मिळणार, एवढंच त्याला दिसलं. शिवबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. प्लेगात आईबाप गेले तेव्हा मल्लू तीन वर्षांचा होता, आणि अकरा वर्षांच्या शिवबाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

मल्लप्पाच्या हातात गुण होता. सुटा भाग मागितला की दाजी म्हणायचे, "ती मोटार हाय, नवरी न्हाय. दागिने कशाला?" मग मल्लप्पा आपली अक्कल चालवायचा. पाण्याची टाकी गळायला लागली, त्यानं तिच्यात मूठभर ज्वारीचं पीठ सोडलं. पीठ शिजून भोकांत बसलं. ट्यूब फाटून चाळण झाली, त्यानं टायरमध्ये चिंध्या ठासल्या. ब्रेकचे पट्टे झिजले, तेव्हा गिरणीच्या भंगारातला सुती पट्टा आणून बसवला. आणि इंजिनाच्या पोटातली बेरिंगं खिळखिळी झाली, तेव्हा एरंडेलात मुरवलेली चामड्याची पट्टी आत घालून नट आवळले. खडखड थांबली. "महिनाभर चालंल," तो बहिणीला म्हणाला, "मग दुसरी पट्टी. चामडं सोलापुरात काय कमी हाय?"

गाडी गुरप्पा स्वतः चालवायचा. पुढून हँडल मारून इंजिन सुरू करायचं काम मल्लप्पाचं. स्टेअरिंगखाली डाव्या बाजूला एक लहानशी दांडी होती. सुरू करताना ती वर असावी लागे. खाली राहिली तर इंजिन उलटा झटका देई, आणि हँडल मारणाऱ्याला लाथ बसल्यासारखं मागं फेकी. हे मल्लप्पानंच दाजींना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

त्याचाच गुरप्पानं खेळ केला. पाहुणे आले की तो गाडीत बसायचा, दांडी हळूच खाली करायचा आणि म्हणायचा, "मार रे मल्ल्या!" हँडल उसळायचं, मल्लप्पा धुळीत बसायचा, पाहुणे हसायचे. "आमचा मेव्हणा बघा कसा नाचतोय!"

"दाजी, हात मोडंल की माझा," मल्लप्पा एकदा हात जोडून म्हणाला.

"फिटर तू, आन् भितोस व्हय?"

शिवबाईनं रात्री नवऱ्याजवळ विषय काढला. गुरप्पा कूस बदलून म्हणाला, "सुम्म. गप झोप."

पुढं मोहोळचे दोन व्यापारी आले. जेवणं झाली, पान झालं, मंडळी मोटारीत बसली. शिवबाई दाराआडून बघत होती. मल्लप्पा हँडलाशी वाकला आणि त्यानं विचारलं, "दाजी, दांडी वर हाय न्हवं?"

"हाय की. मार."

शिवबाईला गाडीच्या कडेनं गुरप्पाचा हात दिसला. दांडीवरची दोन बोटं खाली सरकली. त्यानं मागं वळून पाहुण्यांना डोळा मारला. तिनं ओरडायला तोंड उघडलं. पण परक्या पुरुषांसमोर घरातल्या बाईचा आवाज निघायची या घरात रीत नव्हती, आणि त्या एका श्वासात हँडल फिरलंसुद्धा.

वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मल्लप्पा ओरडला नाही. तो खाली बसला आणि आपल्या उजव्या मनगटाकडं बघत राहिला. ते भलत्याच दिशेला वळलं होतं.

"आपोआप सरकली दांडी," गुरप्पा पाहुण्यांना म्हणाला. "जुनी गाडी हाय, काय करता?" त्यानं दुकानातल्या हमालाला बोलावलं, दांडी वर केली, हमालाकडून हँडल मारून घेतलं आणि पाहुण्यांना घेऊन तो सिद्धेश्वराच्या तळ्याकडं हवा खायला गेला.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. दोन महिन्यांनी सोडल्या, तेव्हा हात जागेवर होता, पण वाकडा. तीन बोटं मिटत नव्हती. मल्लप्पा गिरणीत जाऊन आला. तिथल्या मुकादमानं त्याच्या हातात पान्हा दिला, तो खाली पडला, आणि मुकादमानं तो उचलून दुसऱ्याच्या हातात दिला.

"गाडी बंद पडून ऱ्हायली तर तुझं हितं काय काम?" गुरप्पा जेवताना म्हणाला. मल्लप्पाच्या ताटात भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा दुकानात गेल्यावर, शिवबाई पत्र्याच्या शेडमध्ये आली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला.

"सांग, काय करायचं ते."

"अक्का, येडी का काय तू?"

"हात तुझा गेला. माझे हायती. सांग."

तेव्हापासून रोज दुपारी ती गोणपाटावर पाठ टेकून मोटारीखाली शिरायची आणि मल्लप्पा शेजारी उकिडवा बसून सांगायचा. "डावीकडचा नट. न्हाय, त्याच्या खालचा. आता हळू. चामड्याची खरबरीत बाजू वर." तेल तिच्या कानात जायचं, नखं काळी व्हायची, ती राखेनं घासघासून काढायची. पण नट बरोबर आवळला गेला की हाताला कळतं, हे तिला कळायला लागलं. पीठ मळताना पाणी पुरे झालेलं कळतं, तसंच. ज्या दिवशी तिनं एकटीनं पट्टी बसवली आणि हँडल मारल्यावर इंजिन मांजरासारखं गुरगुरलं, त्या दिवशी दोघं भावंडं एकमेकांकडं बघून लहानपणासारखी हसली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या घरात आपण शेवटचं कधी हसलो ते तिला आठवेना.

गाडी अशी चालायला लागली की लोक बघत राहायचे. गुरप्पा सकाळी बार्शीला जाऊन दिवसाउजेडी परत आला, वाटेत एकदाही न थांबता. तिथल्या कापसाच्या व्यापाऱ्यानं, श्रीमंतशेटनं, गाडी बघितली आणि त्याचा तिच्यावर जीव बसला. आठ दिवसांनी तो घ्यायला येणार असं ठरलं.

शिवबाईला त्याचा अर्थ लगेच कळला: गाडी गेली की मल्लूही जाणार. शेट यायच्या दिवशी सकाळी तिनं शेडमध्ये जाऊन इंजिनाला ठिणगी देणाऱ्या पेटीची एक तार हातात धरली.

"सोडते ही. लंगडी चालंल. न्हाय घ्यायचा तो."

मल्लप्पानं डावा हात गाडीवर ठेवला. मग म्हणाला, "नको अक्का. चांगली चालती गाडी आपल्या हातानं बिघडवायची? ह्याच्यापरीस दुसरा हात मोड माझा."

तिनं त्याचं ऐकलं. लहानपणापासून त्याचा एकही हट्ट तिनं मोडला नव्हता. तार तशीच ठेवून ती चुलीकडं गेली.

श्रीमंतशेट आला. गुरप्पानं त्याला सगळं दाखवलं, आणि दाराआड उभ्या शिवबाईच्या कानावर शब्द पडत गेले. "ही दांडी बघा शेट. सुरू करताना वरच पायजे, न्हायतर हात जातोय. आमच्या मेव्हण्याचा गेला. डोळं असून बघितलं न्हाय त्यानं."

"आन् दुरुस्ती कोण करतंय?"

"मीच की. दुसऱ्याचा इस्वास न्हाय आपल्याला."

मल्लप्पा चार पावलांवर उभा होता. शेटची नजर त्याच्या वाकड्या हातावर क्षणभर थांबली.

गाडी गेली. पान्हे, हातोडी, मल्लप्पानं गिरणीतून आणलेली कानस, सगळं गुरप्पानं गाडीबरोबर देऊन टाकलं. रिकाम्या शेडमध्ये त्यानं दुसऱ्या दिवशी तुरीची पोती रचली आणि मेव्हण्याला म्हणाला, "आता झोपायला जागा न्हाय बघ." मल्लप्पा बहिणीच्या पाया पडला आणि गेला. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "सोडू द्यायची हुती तार." एवढंच बोलली. पुढं ते तिला फार लागून राहिलं.

भाजीवाली बजाबाई पेठेत हिंडायची. तिच्याकडून कळलं की मल्लप्पा गिरणीच्या फाटकाजवळ चिंध्यांच्या वखारीत डाव्या हातानं चिंध्या निवडतो आणि तिथंच झोपतो. शिवबाई कधीमधी बजाबाईच्या पाटीत पाल्याखाली दोन भाकरी ठेवायची.

दिवाळीच्या सुमाराला एक माणूस टांग्यातून दारात उतरला. गुरप्पा ओट्यावर बसला होता. माणसानं आपलं नाव कुंडलिक सांगितलं, श्रीमंतशेटचा ड्रायव्हर.

"गाडी महिनाभर उभी हाय. चार मिस्त्री झाले. एकानं इंजिन उघडलं, आत चामडं बघून हसला आन् काढून फेकलं. तवापासून नुसती खडखड. शेट म्हणले, दुरुस्ती करणारा तो वाकड्या हाताचाच आसणार, त्याला आण. ऱ्हायची सोय, जेवण, पगार, सगळं देतो म्हणले. हात चालत नसंल तर नुसतं सांगू दे, करणारी माणसं हायती."

आत शिवबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

गुरप्पानं पानाची पिंक टाकली. "उशीर केला की तुमी. मेला तो. श्रावणात, पटकीनं."

"आरारा," कुंडलिक म्हणाला आणि टोपी काढली.

शिवबाई उंबऱ्याबाहेर आली. पदर डोक्यावर नव्हता, कोपरापर्यंत पीठ होतं. चौदा वर्षांत ती परक्या पुरुषासमोर पहिल्यांदा बोलली.

"जित्ता हाय तो! गिरणीच्या फाटकाजवळ, चिंध्यांच्या वखारीत. दादा, जावा तितं. आन् न्हाय सापडला तर मला न्या. ती गाडी मीच दुरुस्त केलीया. चामड्याची खरबरीत बाजू वर ठेवायची. मला येतंय सगळं."

कुंडलिक तिच्याकडं बघतच राहिला. गुरप्पा उठला. त्यानं तिला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. तो फार हळू, दुःखानं बोलला.

"हुच्ची झालीया. येडी. भाऊ गेल्यापासनं आसंच करतीया. मोटार मी केली म्हणती, भाऊ जित्ता हाय म्हणती. किती देवऋषी केले."

कुंडलिकनं तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडं बघितलं. त्याच्या तोंडावर कीव आली, आणि कीव आली की माणूस ऐकायचं थांबतो. "जपा वहिनी," तो म्हणाला आणि टांग्यात चढला.

शिवबाई ओट्यावरून उतरली आणि अनवाणी टांग्यामागं धावत सुटली. "दादा! वखार! फाटकाजवळची वखार!" कुंडलिकनं एकदा मागं वळून बघितलं, तो घाबरला, आणि त्यानं टांगेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. घोडा दौडायला लागला.

नळाच्या कट्ट्यावर पाणी भरणाऱ्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "गुरप्पाची बायको की गं ही. कवापासनं असं?"