टाकी छान आलीय

“धुळीच्या एका कणासाठी पंखा बंद! माणसं उकडून गेली तरी चालतील, निगेटिव्हला मात्र धूळ लागता कामा नये,” वर्तमानपत्राने वारा घेत सासूबाई पुटपुटल्या. म्हणजे स्वतःशीच, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

हातात पांढरे सुती मोजे घालून सून रबरी फुग्याने स्कॅनरच्या काचेवर फुसफुस हवा मारत होती. सासऱ्यांचा उभ्या आयुष्याचा फोटोग्राफीचा धंदा. त्याचे निगेटिव्ह कपाटातून काढून संगणकावर उतरवायचे, हे खूळ तिचंच. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर दिवसभर लोकांची बोलणी खाऊन आल्यावर कुणी विणकाम करतं, ती हे करायची. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत शिकली.

सुरुवातीची एक चूक तर चांगलीच मोठी होती. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. तिने पट्टी नेमकी उलटी ठेवली. पडद्यावर जुना स्टुडिओ आला, दारात तरुण सासरे, डोक्यावर दुकानाची पाटी. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. सासरे मान तिरकी करून बघत म्हणाले, “वा! पाटी कशी खणखणीत वाचता येतेय बघ.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूबाईंकडे. मग दोघींनी एकदमच चहाचा विषय काढला.

तेव्हापासून घरात सासऱ्यांची मान आखडली होती. समोरच्याच्या तोंडाकडे सरळ न बघता ते कडेने बघत, त्याचं कारण मान. सासूबाई मानेला मलम चोळत, मुलगा नवी उशी घेऊन आला, आणि सासरेही “आज जरा मोकळी वाटतेय” असं म्हणून सगळ्यांचं मन राखत. सुरळीत चाललं होतं म्हणायचं.

घोळ घातला तो शिंपीकाकांनी. सासऱ्यांचे लंगोटीयार. त्यांच्या नातीचं लग्न पुढच्या रविवारी. “फोटो तूच काढायचे, तुझ्या त्या चौकोनी फोटोच्या कॅमेऱ्यावर. दुसरा कुणी मी दारात उभा करणार नाही.” आणि सासरे हो म्हणून बसले.

“तू सांग ना बाबांना,” नवरा स्वयंपाकघरात तिला म्हणाला.

“वडील कुणाचे?”

“माझे. म्हणून तर जमत नाही.”

“मग आईंनी सांगावं.”

“मी?” सासूबाई दचकल्याच. “लग्न झाल्यापासून त्यांचा एकही फोटो वाईट आलाय म्हटलं नाही मी. आता या वयात सुरू करू?”

म्हणून कुणीच काही सांगितलं नाही. आणि सरावासाठी सासऱ्यांनी गच्चीवर काढलेला रोल आज धुवून आला होता. सगळे फोटो सासूबाईंचे. सासऱ्यांनी पट्टीचं टोक ओठाला लावून पाहिलं. ओठाला चिकटते ती मंद बाजू. मग अगदी बिनचूक सुलटी करून पट्टी सुनेच्या हातात ठेवली.

स्कॅनरच्या झाकणातला दिवा हळूहळू सरकत गेला. पडद्यावर आधी आली ती गच्चीवरची पाण्याची टाकी. तिचे नट, गंजाचे ओघळ, झाकणाला बांधलेली तार, सगळं कोरून काढल्यासारखं. टाकीच्या पुढ्यात सासूबाई. म्हणजे एक पांढुरका ढग, वर थोडे केस.

“जरा शार्प कर ना,” नवरा कानाशी लागला. तिने केलं. ढग खरखरीत झाला, एवढंच. दुसऱ्या फोटोत टाकी, तिसऱ्यातही टाकीच.

“आले का?” सासऱ्यांनी विचारलं. “कसे आलेत?”

“मस्त!” नवरा म्हणाला.

“छान आलेय मी,” सासूबाई म्हणाल्या. “जरा बारीकच वाटतेय.”

“तुम्ही दोघं थांबा. हिला सांगू दे.”

सुनेच्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार आला. भरलेला हॉल, नटूनथटून बसलेली पोर, सगळ्यांना ओरडून नीट उभं करणारे बाबा. आणि नंतर धुवून येणारे रोल. लग्न काही कुणी पुन्हा लावून देणार नव्हतं.

“टाकी छान आलीय, बाबा,” ती म्हणाली.

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

“टाकी,” सासरे म्हणाले. “नट दिसतात?”

“एकूण एक.”

“आणि ही?”

“आई... आहेत. पुढे उभ्या आहेत.”

सासरे आधी नाकातल्या नाकात हसले, मग पोट धरून. “एवढी वर्षं हिला ‘हलू नकोस, हलू नकोस’ म्हणून दटावलं. ही बिचारी हललीच नाही, फोकसच माझा टाकीवर गेला!”

सासूबाईही हसायला लागल्या, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. ते बराच वेळ खाली आलं नाही.

हसू ओसरलं तसे सासरे खुर्चीत मागे रेलले. त्यांचे खांदे इतके सैल पडलेले सुनेने या घरात आल्यापासून पाहिले नव्हते.

“त्याला फोन लावून दे,” ते मुलाला म्हणाले.

मुलाने शिंपीकाकांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

“हां, मीच. अरे, रविवारसाठी दुसरा फोटोग्राफर बघ, अजून वेळ आहे. नाही रे, रुसतोय कशाला? पहिल्या पंगतीला येऊन बसणार आहे मी. अरे, ऐकून तर घे...” ते थांबले. मग रोजच्या, घरातल्या आवाजात म्हणाले, “मला दिसत नाही.”