कापड दाखवा, मग कात्री

मी कात्री बोलतेय. थांबा, दुधाच्या पिशव्या कापणारी नव्हे हं! मी शिंप्याची कात्री. आमच्यात साधा कागद कापला तरी धार जाते, आणि अब्रूही.

माझ्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या वडिलांनी मला त्यांच्या हाती देताना बजावलं होतं, "हिला कापडाशिवाय काही दाखवायचं नाही." मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं, की लेकीनं एकदा मला घेऊन कागदाची बाहुली कापली तर दिवसभर तिच्याशी अबोला! संध्याकाळी स्वतःच चिंध्यांची बाहुली शिवून दिली, ते सोडा. असा माझा धनी, वरून काटा नि आत गोडवा.

मग त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी वेदना थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या, पाच दिवसांच्या. पाच दिवस संपले, गोळ्या काही संपेनात! कधी या दुकानातून, कधी त्या दुकानातून आणायच्या आणि बटणांच्या डब्यात लपवायच्या. पाठ केव्हाच बरी झाली होती. आता गोळी नसली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, बायकोवर खेकसायचे. घेतली की मशीनवरच डुलक्या. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आता काय बोलावं!

आणि घाईघाईत गोळ्यांचं पाकीट कापायचे ते माझ्याच पात्यांनी. राग नाही आला हो मला, जीव तुटला.

एक दिवस त्यांच्या बायकोनं रेशमी अस्तर कापायला मला उचललं. मी कापड कापलं नाही, चावलं. तिनं मला खिडकीशी नेऊन पाहिलं. स्क्रूपाशी चंदेरी कण चिकटले होते.

"अहो, हिनं काय कापलंत?"

"असेल कागद."

"तुम्ही? आणि कागद?"

मास्तर मटकन खालीच बसले. "रोज ठरवतो गं, आजची शेवटची. सुटतच नाही."

"एकट्यानं ठरवता ना, म्हणून," ती म्हणाली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

डॉक्टर म्हणाले, एकदम सोडणं धोक्याचं, हळूहळू कमी करू. मला धार लावून आणली. मास्तरांनीच बायकोला सांगितलं, "हिला तुझ्याजवळ ठेव. मी मागितली की आधी कापड दाखवा म्हण." पाकीट हातानंही फाडता येतं, हे मलाही कळतं. पण मला मागताना मास्तरांना खोटं बोलवत नाही.

चार महिने रोज कापड घेऊन आले. आज दुपारी नुसतेच आले.

"कात्री दे."

"कापड?"

मास्तरांनी एक हात खिशावर दाबून धरला. ती ओरडली नाही, फक्त मला घट्ट धरून उभी राहिली. तुमच्या घरी कुणी असं उभं असेल, तर तुम्हीही एवढंच करा. जागचे हलू नका.

"कापड नाही गं," मास्तर शेवटी म्हणाले. खिशातून लपवून आणलेलं गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. त्यातली एकही गोळी काढलेली नव्हती.

मास्तर, मी कुठे जात नाही. उद्या कापड घेऊन या.