खिडकीजवळची जागा

वैभवीनं बापासाठी मुद्दाम खिडकी मागून घेतली होती. "बाबा, ढग पाहत या," म्हणाली. लेकीची माया ती. आपल्याला जे आवडलं असतं ते तिनं बापाच्या पदरात टाकलं. इकडे इंझोरीत जगदेवनं फोनवर विमानाचं चित्र पाहिलं आणि त्याच्या तळहातांना घाम सुटला. रांगेत तीन खुर्च्या. खिडकीशी तो, मधात बायको गोजराबाई आणि वाटेच्या कडेला कुणीतरी परका माणूस. उठायचं तर दोघांना उठवून उठायचं. आणि उठून तरी जायचं कुठं? दाराबाहेर नुसतं आभाळ.

वैभवीला नववा महिना लागला होता. जर्मनीत ती आणि जावई, तिसरं माणूस नाही. गोजराबाईनं महिनाभर आधीपासून डिंक, मेथी, शेवया यांच्या पुड्या बांधायला घेतल्या होत्या. ती अकोल्याच्या पलीकडं कधी गेली नव्हती, नवऱ्याशिवाय विमानाची पायरी चढायची नव्हती. म्हणजे जगदेव अडला की ती अडली, आणि ती अडली की लेक एकटी. ही साखळी त्याला पक्की ठाऊक होती. म्हणून तो कुणापाशी चकार शब्द काढत नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी शेतातली विहीर खोल करताना कड खचली आणि जगदेव गळ्यापर्यंत गाडला गेला. कुदळ लावावी तर अंगाला लागेल, म्हणून लोकांनी हातांनी माती उपसली. दिवस मावळताना तो वर आला. गावानं त्या गोष्टीची मर्दुमकी करून टाकली. "मातीले बी पचला नाई बुवा जगदेव," असं पारावर अजून म्हणतात, आणि तोही मिशीत हसतो. पण माती त्याच्या छातीवरून उतरलीच नव्हती. चारी बाजूंनी काही जवळ आलं की ती पुन्हा सरकू लागायची, आधी पोटाशी, मग फासळ्यांशी, मग कंठाशी.

प्रवासाला आठ दिवस उरले तेव्हा वैभवीनं एक निरोप पुढं धाडला. विमान कंपनीचाच होता. पुढच्या मोठ्या जागा शिल्लक राहिल्या तर बोली लावून मिळतील, असं त्यात लिहिलं होतं. खाली तिनं आपल्याकडून जोडलं होतं, "पाहा बाबा, बैलबाजारावानी बोली! गंमत म्हणून धाडलं. साडेआठ तासासाठी काही कामाचं नाही ते."

जगदेवनं निरोपातलं त्या जागेचं चित्र दहादा उघडलं. खुर्ची कसली, पलंगच. पाय लांब करा, कूस बदला, शेजारी कुणी नाही, उठलं की थेट वाट. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तालुक्याच्या गावी, मानोऱ्याला गेला, उजैरच्या मोबाईलच्या दुकानात. उजैरचा बाप आणि जगदेव जुने दोस्त. पोरगा आता चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवून लोकांचे फोन उघडत बसलेला.

"काय काका, बिजनेस क्लास?" उजैर हसला. "थेट नवाबच झाले तुमी तं!"

"तुह्या काकूचे गुडघे दुखतात," जगदेव म्हणाला. खोटं बोलताना तो काउंटरवरच्या काचेकडं पाहत होता.

"मंग लावा ना. पैसे कापसात घालून ठेवता काय?" उजैरनं पडदा त्याच्याकडं वळवला. एक आडवी पट्टी होती, तिच्यावर सरकणारा ठिपका. डावीकडं लाल, उजवीकडं हिरवं. "हे पाहा. लालीत ठेवला तं बोली कमजोर. हिरव्यात नेला तं दमदार. जागा उरल्या तं ज्यानं जास्त लावले त्याले भेटते."

"आन समोरचा किती म्हन्ते?"

"समोरचा काईच नाई म्हनत."

"असं कसं? इकनारा हाये ना कोनी?"

"कंपनी हाये, काका. ते चूप राह्यते. दोन दिवस आधी सांगते, हो नाईतं नाई."

जगदेवनं ऐकलं, पण त्याला ते पटलं नाही. तीस वर्षं त्यानं बैलांची दलाली केली होती. तिथं भाव तोंडानं होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात जातो, बोटं दाबून आकडा सांगितला जातो, आणि वर दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतात. पहिला आकडा खालचाच असतो. तो मान झटकून नाकारण्यासाठीच असतो. घाईनं मोठं बोट धरलं की समोरच्याला कळतं, याला गरज आहे. आणि गरज दिसली की माणूस लुटला गेला. समोरच्याचा हात कधी ढिला पडतो, कधी ओलावतो, यावरून जगदेव त्याच्या घरची अडचण ओळखायचा. आपली अडचण मात्र त्यानं कधी कुणाच्या तळव्याला लागू दिली नव्हती.

"लालीतच ठेव," तो म्हणाला. "अगदी कडेले."

"काका, पैसे हायेत तुमच्यापाशी. मधात तरी नेऊ द्या."

"तुले नाई समजत, बेटा. पयला शब्द हाये हा. ते फोन करतीन, मंग वाढवू."

"फोन नाई करत ते."

"करतेत. इकाचं कोनाले नसते?"

उजैरनं खांदे उडवले आणि आपलं कार्ड लावून बोली पाठवली. "दोन दिवस आधीपर्यंत बदलता येते," त्यानं बजावलं. "मन झालं तं या."

जगदेव फोनची वाट पाहू लागला. जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला गेला तरी मोरीच्या फळीवर. कुणाचा वाजला की छातीत काहीतरी टक्कन उभं राही. एकदा खताच्या दुकानातून कुणी बोललं, एकदा विमा विकणारी पोरगी. चौथ्या दिवशी त्याच्या मनात आलं, जावं आणि ठिपका हिरव्यात न्यावा. चप्पल घातलीसुद्धा. मग त्याला वाटलं, आज वाढवलं की कळलंच त्यांना. त्यानं चप्पल काढली.

गोजराबाई लाडू वळत होती. वळता वळता तिनं आपल्या मनानंच ओवी जुळवली आणि हलक्या आवाजात म्हणाली:

लेक माही दूरदेशी, मधी आभायाचं रान,
बाप निंगाला भेटीले, त्याच्या मुठीत परान.

"कायचा परान?" जगदेव चपापला.

"गानं हाये. गान्यात काईबी येते," ती म्हणाली आणि लाडू ताटात ठेवला.

निघायला दोन दिवस उरले त्या दुपारी निरोप आला. त्यानं तो उजैरकडून फोनवरच वाचून घेतला. यावेळी आपली बोली स्वीकारता आली नाही, आपला प्रवास सुखाचा होवो. बस. कितीवर तुटलं, कोण वर गेलं, आपण किती वाढवायला हवं होतं, काही नाही.

"आता वाढवतो म्हन ना त्यायले," जगदेव म्हणाला.

"बंद झालं, काका."

"अरे, मी हिरव्यात यायले तयार हाये! पुरा हिरव्यात!"

"कोनाले सांगू? तिकडं मानूसच नाई."

जगदेव अंगणातून घरात आला, घरातून अंगणात गेला. त्याच्या आयुष्यात असा सौदा झाला नव्हता, ज्यात दुसरा हातच नव्हता. त्यानं आपली गरज इतकी झाकली, इतकी झाकली, की ती कुणाला दिसलीच नाही. भिंतीशी दोन बॅगा उभ्या होत्या. एक तिची, एक त्याची. त्यांच्याकडं पाहता पाहता माती फासळ्यांशी आली.

त्यानं लेकीला फोन लावला.

"बाबा? झाली तयारी?"

"वैभू, मी त्या खिडकीत नाई बसू शकत."

"काहून? दुसरीकडं देऊ काय? पन कडेची एकबी नाई उरली, पुरं विमान भरलं."

"कडेले बी नाई जमत, माय." आणि मग तो बोलला. धड सांगता आलं नाही, मधले मधले तुकडे पडले. विहीर सांगितली, जी तिला ठाऊक होती. आणि विहिरीनंतरचं सगळं सांगितलं, जे तिला ठाऊक नव्हतं. 

"माह्या होस्टेलात सामान घेऊन चार मजले चढत आले तुमी," वैभवी म्हणाली. "लिफ्ट होती, तरी. मले वाटलं, लिफ्टचे पैसे लागतेत असं वाटते तुमाले." ती हसली आणि हसताना रडली. "बाबा, नोका येऊ तुमी. खरंच. आईले एकलीले पाठवा. चाकाच्या खुर्चीवाली मानसं राह्यतेत, हात धरून विमानात बसवतेत. मी आत्ता सांगते त्यायले."

फोन ठेवला तेव्हा गोजराबाई दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्या बॅगेपाशी बसली, चेन उघडली आणि वरचा स्वेटर काढून मांडीवर घेतला. मग पायजमे. मग नवा सदरा.

सुटलो, असं जगदेवला वाटायला हवं होतं. समोर मोकळं अंगण, पलीकडं तुरीचं वावर, वारा वाहता. पण त्याला दिसलं ते वेगळंच. खिडकीशी त्याची खुर्ची रिकामी, आणि मधात ही, पुड्यांची पिशवी पोटाशी धरून, पाणी मागायचं तर कुणाला काय म्हणावं ते न कळून बसलेली. मोकळ्या अंगणाकडं पाहूनही त्याला श्वास पुरेना.

"काय करून राह्यली व?"

"तुमचे कपडे काढून राह्यली. मी जातो ना एकली. गाई-म्हशी जात नाई काय गाडीतून?"

"ठेव ते."

"काय?"

"स्वेटर. तिथं थंडी राह्यते म्हने." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "खिडकीत तू बस. मी मधात बसतो."

गोजराबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "जमंल काय तुमाले?"

"नाई माहीत." त्याचा आवाज खाली गेला. "मी बोंबललो तं? भर विमानात, मानसायमंधी?"

"तं बोंबला," ती म्हणाली. "बावीस वर्सं झोपेत बोंबलता. मी काय पयल्यांदा आयकून राह्यली?"

जगदेव तिच्याजवळ बॅगेपाशी गेला. मग खाली बसला. सदरा, पायजमे, स्वेटर त्यानं एकेक करून पुन्हा आत रचले. चेन ओढायला गेला, पण बॅग फुगली होती आणि चेन अर्ध्यात अडली. गोजराबाईनं बॅगेवर गुडघा दाबून धरला, आणि त्यानं ओढली.