स्टेपनीचे चौदा किलोमीटर

ते १९६८ साल होते, आणि ऑगस्ट महिना. आम्ही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातले, त्यामुळे आमच्या कोर्दोबाच्या डोंगरात ऑगस्ट म्हणजे कडाक्याचा हिवाळा. मित्रांनो, त्या वर्षी माझ्या आयुष्यात जे काही घडायचे ते घडून गेले. त्याच्या आधी मी फक्त वाट पाहिली आणि नंतर फक्त आठवणी काढल्या.

मी एक जुनी स्टेपनी आहे. बारा इंची, पातळ पत्र्याची, अरुंद टायरची. एका छोट्या लाल गाडीसाठी आम्ही पाच बहिणी एकाच दिवशी तयार झालो. चौघी गाडीखाली गेल्या. मला गाडीच्या नाकात, पुढच्या झाकणाखाली, उभी करून पट्ट्याने बांधले. इंजिन मागे होते. माझ्या सोबतीला एक जॅक आणि अंधार. खालून बहिणींचा आवाज यायचा. खडीवर त्या खुसखुसत आणि ओल्या मातीत कुजबुजत. मी मनातल्या मनात म्हणे, एक दिवस माझीही पाळी येईल.

गाडी होती ओव्हिदियोची. लास तुस्कास गावच्या तारघरात तो नोकरीला होता. वय सव्वीस आणि डोक्यात एकच वेड. सान रोके या संताच्या जत्रेला गावातून घाटमाथ्यापर्यंत गाड्यांची शर्यत होई. अठरा किलोमीटर चढ, सगळा खडीचा रस्ता. त्याची थोरली बहीण एल्बा शाळेत शिकवी. शर्यतीत ती शेजारी बसून वळणे सांगे.

गावाच्या वेशीवर सेल्सोकाकांचे टायरचे दुकान होते. ओव्हिदियोच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेणारे तेच. बाप गेल्यावर त्याला गाडी शिकवली तीही त्यांनीच. काका टायरवर नुसता अंगठा दाबून हवा सांगत. कोणत्या गाडीला कोणते चाक, हे गावात त्यांना विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे.

ओव्हिदियोने न विचारताच ठरवले. जुलैत तो शहरात गेला. तिथे माझ्या चारही बहिणी काढून ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार चकचकीत चाके आली. तेरा इंची, हलक्या धातूची आणि चांगली रुंद. बहिणींचा निरोप घ्यायलाही मिळाला नाही. परतीच्या वाटेवर खालून अनोळखी आवाज येत होता. पाचव्या रुंद चाकाला नाकात जागा नव्हती, म्हणून मी राहिले.

हवा भरायला गाडी काकांच्या दुकानापुढे थांबली. झाकणाच्या फटीतून मला सगळे ऐकू येत होते.

“काय रे, गाडीला बापाचे बूट घातलेस होय?” काका म्हणाले.

“रुंदी बघा, काका! कशी बसलीये रस्त्यावर.”

“डांबरावर बसेल लेका. खडीवर तरंगेल. अरुंद चाक खडी कापून खालची घट्ट जमीन धरतं. हे पसरट चाक गोट्यांवर घसरत राहणार. आणि चाक मोठं केलंस, इंजिन तेवढंच. चढाला दम लागेल त्याला. वळणावर घासत नाही का?”

“थोडं घासतं. पत्रा ठोकून बाहेर काढतो.”

“म्हणजे बुटासाठी पाय तासणार.”

एल्बा मोठ्याने हसली. बहीण हसली हे ओव्हिदियोला लागले असावे. तो म्हणाला, “काका, तुम्हाला बैलगाडीपलीकडचं काही कळतं का? आता जमाना बदललाय.”

“ओव्हिदियो!” एल्बा ओरडली.

काकांनी हवेची नळी त्याच्या हातात दिली. रोज गाडी थांबली की ते न विचारता माटेचा तुंबा पुढे करत. कडू पानांचा तो गरम घोट दोघे एकाच नळीने आळीपाळीने पीत. त्या दिवशी तुंबा पुढे झाला नाही. भावंडे समोरच्या बेकरीत पाव आणायला गेली.

तेवढ्यात झाकण उघडले. काकांनी माझ्यावर अंगठा दाबला.

“तू एकटीच राहिलीस होय गं?” ते पुटपुटले.

त्यांनी नव्या चाकांचे बोल्ट पाहून ठेवले होते. ती चाके मध्यभागी जाड, म्हणून त्यांचे बोल्ट लांब. माझा पत्रा पातळ. ते लांब बोल्ट मला लावले तर आरपार जाऊन ब्रेकच्या ड्रममध्ये अडकले असते आणि चाक फिरलेच नसते. जुने आखूड बोल्ट ओव्हिदियो शहरातच टाकून आला होता. काकांनी आपल्या डब्यातून चार आखूड बोल्ट निवडले, लाल फडक्यात बांधले आणि ते गाठोडे माझ्या मधल्या खोलगटात खोचून ठेवले. पण सांगितले मात्र नाही. मानी माणूस! भावंडे परतली तेव्हा ते दुकानात पाठ फिरवून बसले होते.

मित्रांनो, तीन आठवडे मी ते गाठोडे पोटाशी धरून होते. मला बोलता आले असते तर!

जत्रेच्या दिवशी चौकात निखाऱ्यावर मांस भाजले जात होते, बँड वाजत होता. ओव्हिदियो वजन कमी करायला गाडीतून एकेक वस्तू बाहेर काढत होता. मागची सीट गेली, पायपुसणे गेले. मलाही काढले असते, पण स्टेपनी हवीच असा शर्यतीचा नियम होता. मग त्याच्या हाताला गाठोडे लागले.

“हे कसलं तेलकट बोचकं?” असे म्हणून त्याने ते न उघडताच रस्त्याकडेला भिरकावले.

काका दहा पावलांवर, गर्दीत उभे होते. त्यांचे तोंड उघडले. मग मिटले. निशाण पडले आणि आम्ही निघालो.

चढाला इंजिन धापा टाकत होते. वळणावळणाला गाडी खडीवरून बाहेर सरके. “हळू रे, दरीत जायचंय का?” एल्बा म्हणत होती. चौदाव्या किलोमीटरला एका धारदार दगडाने मागच्या रुंद चाकाची कड उभी चिरली.

माझी पाळी आली! थंड वाऱ्यात त्याने मला बाहेर काढले, जागेवर बसवले, लांब बोल्ट घट्ट पिळले. जॅक खाली केला, गाडी सुरू केली. मी फिरेना. पुन्हा पिळले, पुन्हा सैल केले. सैल ठेवले तर मी डुगडुगे, आवळले तर जागीच अडके. एकामागून एक गाड्या धूळ उडवत पुढे गेल्या. शेवटची गेल्यावर त्याने मला काढले आणि लाथ मारली. मी घरंगळत चरात जाऊन पडले.

“तिला कशाला मारतोस? तिनं काय केलं?” एल्बाने मला उचलून आणले आणि आपल्या कोटाने पुसले.

दोन तासांनी रस्ता मोकळा झाला तेव्हा काकांचा जुना छोटा ट्रक धडधडत वर आला. ते उतरले. खिशातून लाल फडके काढले आणि दगडावर उघडले. चार आखूड बोल्ट.

ओव्हिदियोने त्यातला एक उचलून पाहिला. “हे तुम्ही ठेवले होते?”

“मी तिथंच होतो, तू फेकलंस तेव्हा,” काका म्हणाले. “हाक मारता आली असती. नाही मारली.”

“काका, मी त्या दिवशी...”

“दोघंही गाढवं आहात,” एल्बा म्हणाली. “आधी चाक बसवा. माझे पाय गोठलेत.”

काकांनी मला स्वतः बसवले. “ती एक इंच लहान आहे. तीसच्या वर जायचं नाही,” एवढेच सांगितले आणि गाडीतून गरम पाण्याची बाटली काढली. माटेचा तुंबा भरला, पहिला घोट स्वतः घेतला आणि दुसरा त्याच्यापुढे धरला.

मग मी धावले. लंगडत, एका बाजूला कलून, पण धावले. खडी अंगाला टोचत होती, ओढ्याचे पाणी गार लागत होते. बहिणी कशाबद्दल कुजबुजत होत्या ते मला त्या दिवशी कळले. घाटापासून गावापर्यंत चौदा किलोमीटर. माझे सगळे आयुष्य तेवढेच.

पुढच्या महिन्यात ओव्हिदियोने काकांना विचारून पाच नवी अरुंद चाके घेतली. पाच, म्हणजे स्टेपनीसकट. माझी जागाही गेली. काकांनी मला पांढरा रंग दिला, वर दुकानाचे नाव लिहिले आणि त्याच चार बोल्टांनी रस्त्यावरच्या खांबाला बसवले.

त्यानंतर ओव्हिदियो तीन वर्षे शर्यतीत उतरला. एकदा तिसरा आला, पहिला कधीच नाही. मग दक्षिणेकडे तेलविहिरींवर नोकरीला गेला. एल्बा लग्न होऊन मेंदोसाला गेली. काही वर्षे नाताळात काकांना तिची पत्रे येत. काका १९८३ मध्ये गेले आणि दुकान बंद झाले. नवा डांबरी रस्ता गावाबाहेरून गेला. एकदा एक पांढऱ्या केसांचा माणूस पायी आला. त्याने माझ्यावर अंगठा दाबला. हवा कधीच गेली होती. तो थोडा वेळ टेकून उभा राहिला आणि परत गेला. गाडी त्याने कोणाला दिली, मला माहीत नाही.

मित्रांनो, घरी गेलात की गाडीतली स्टेपनी पाहा. महिन्यातून एकदा तिला हवा द्या. चाके बदलाल तेव्हा तिला बसणारे बोल्टही जपून ठेवा. आणि कोणी काळजीने बांधून दिलेले गाठोडे न उघडता फेकू नका.

आता माझ्या खोलगटात एका पाखराने मातीचे घर केले आहे. रंग उडाला, दुकानाचे नाव पुसले गेले. वारा सुटला की खांब करकरतो, पण मी हलत नाही. काकांनी आवळलेले ते चार बोल्ट अजून घट्ट आहेत.