रोजचे एकशेवीस ग्रॅम

सोमवारी सकाळी अनंताच्या झाडाच्या कुंडीचं वजन भरलं दोन किलो दोनशे साठ ग्रॅम. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला हीच कुंडी ह्याच तराजूवर दोन किलो एकशेचाळीस भरली होती. मधल्या वेळात ताईंनी तिला पाण्याचा थेंबसुद्धा दाखवला नव्हता.

त्यांनी कुंडी उचलली, तराजूचं ताट पुसलं, काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं आणि कुंडी पुन्हा ठेवली. दोन किलो दोनशे साठ.

"काय ताई, अनंत बाळसं धरतोय की काय?" बियांच्या पाकिटांचं खोकं फोडता फोडता दादांनी विचारलं.

"पानं गळतायत आणि वजन वाढतंय. मला तर काही कळेनासं झालंय, दादा."

"तुम्हाला कळेना, मग आमची काय कथा!"

दादा म्हणजे दुकानाचे मालक. ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना दादाच म्हणत, म्हणून ताईही म्हणत. दुकान बागेच्या सामानाचं. पुढच्या बाजूला बिया, खतं, कात्र्या आणि झाऱ्या, मागे हिरव्या जाळीखाली रोपं. ताई सव्वीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. नोकरी संपल्यावर घरी बसवेना, म्हणून रोज ह्या दुकानात यायच्या आणि काही ना काही घेऊन जायच्या. घरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, तेव्हा मुलीने हात जोडले. इकडे दादा म्हणाले, "रोज येताच आहात, तर गल्ल्यामागे बसूनच या." त्याला आता सात महिने झाले होते.

आजारी झाडांचं शेल्फ ही ताईंचीच कल्पना. गिऱ्हाइकांनी आपली मरगळलेली झाडं आणून ठेवायची, ताईंनी महिनाभर सांभाळून परत द्यायची. दादांनी नाइलाजाने दारालगतचं शेल्फ दिलं होतं. त्यावर त्यांचा डोळा मात्र कायम होता, कारण चकचकीत चिनी मातीच्या बेडकांची दोन खोकी गल्ल्याखाली जागेची वाट बघत पडली होती. त्यातच मागच्या दोन महिन्यांत शेल्फवरची तीन झाडं दगावली. तेव्हा दादांनी निकाल लावून टाकला होता.

"मुख्याध्यापिका बाई शनिवारी त्यांचा अनंत न्यायला येणार आहेत ना? तो जगणार असेल तर शेल्फ तुमचं. नाहीतर बेडकांचं."

आणि अनंताची पानं तर रोज चार-दोन पिवळी पडून खाली येत होती. माती सतत ओली. ताईंना रोग ठाऊक होता, पाणी जास्त झालं होतं. उपायही सोपा होता, पाणी बंद करायचं. ते बंद करून दहा दिवस झाले होते. दिवसभरात कुंडी शंभर-सव्वाशे ग्रॅमने हलकी व्हायची, ते बरोबरच होतं, झाड पाणी पितं आणि पानांतून उडवतं. पण सकाळी पाहावं तर उडालेलं सगळं पुन्हा हजर.

मंगळवारी त्यांनी कुंडीशेजारी एक कोरडी वीट ठेवली. संध्याकाळी दोन्हींचं वजन केलं, सकाळी पुन्हा केलं. विटेत एका ग्रॅमचाही फरक नाही. कुंडी एकशेपंधराने जड. म्हणजे तराजू ठीक होता आणि हवेतला दमटपणाही कारण नव्हता. शिडी लावून त्यांनी वरचं छत हाताने चाचपून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

"छत गळत असतं तर बिलं भिजली असती आधी," दादा खालून म्हणाले. "उतरा, ताई. तुम्ही पडाल आणि मग तुम्हालाच शेल्फवर ठेवावं लागेल."

उरलं कोण? ताईंनी बराच वेळ हा प्रश्न मनातसुद्धा विचारला नव्हता. सकाळी आठ वाजता दुकान उघडायचे काका. तीस वर्षं रोपांना पाणी घालणारा माणूस, कुंडीवर बोटाची टिचकी मारून आवाजावरून सांगायचा, हिला उद्या, हिला परवा. ताई नऊला यायच्या. मधला एक तास काका, पाण्याची नळी आणि रोपं.

बुधवारी त्या मागे गेल्या. काका रोपांच्या पिशव्या सरळ करत होते.

"काका, शेल्फवरच्या अनंताला पाणी घालता का हो तुम्ही?"

"नाही बा. तुम्ही चिठ्ठी लावलीय ना, हात लावू नये म्हणून."

"चुकून? नळी फिरवता फिरवता?"

"नळी तिथवर पोचतच नाही, ताई."

"मग झारीने?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. "मी नाही म्हटलं ना."

"पण रोज रात्रीतून एकशेवीस ग्रॅम वाढतात, काका. बारा दिवसांचे आकडे आहेत माझ्याकडे. कुणीतरी घातल्याशिवाय पाणी येईल कुठून?" आवाज चढला आहे हे ताईंना स्वतःलाच ऐकू आलं, पण वाक्य निघून गेलं होतं. "तुमच्या लक्षात राहत नसेल कदाचित."

काकांनी नळ बंद केला, नळीचं वेटोळं करून खुंटीला अडकवलं आणि दादांना सांगून घरी गेले. गुरुवारी ते आलेच नाहीत.

गुरुवारी पाणी ताईंनी आणि दादांनी मिळून घातलं. त्या गडबडीत सकाळचं वजन करायचं राहूनच गेलं. दादांचे बूट भिजले. "तीस वर्षांत हा माणूस असा रुसला नव्हता," ते म्हणाले, "काय बोललात एवढं?" ताईंनी सांगितलं. दादांनी मान हलवली आणि बूट उन्हात ठेवायला गेले.

शुक्रवारीही काका आले नाहीत. सकाळी ताईंनी कुंडी तराजूवर ठेवली, तेव्हा खरं तर त्यांना ती हलकी भरायला हवी होती. मग निदान आपण बरोबर ठरलो असतो. काटा दोन किलो दोनशे पंचावन्नवर थांबला. म्हणजे काका नव्हते. दादा तर शेल्फकडे फिरकत नसत. त्या वहीतले आकडे वरून खाली, खालून वर वाचत राहिल्या. एक गिऱ्हाईक बराच वेळ समोर उभं होतं. "गांडूळखत आहे का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या दचकल्या.

संध्याकाळी सातला मुलगी न्यायला आली. एरवी ती रस्त्यावरच स्कूटर चालू ठेवून हॉर्न वाजवायची. आज फोनची बॅटरी संपली म्हणून आत आली आणि चार्जर शोधू लागली.

"आई, निघायचं ना? अजून काय राहिलंय?"

"झालंच. दिवे घालवते." ताई बोलत होत्या, पिशवीत डबा भरत होत्या, चष्मा शोधत होत्या. "काकांच्या घरी जाऊन यावं म्हणते. काय तोंडाने जाऊ पण? आणि समज, काका नाहीत, तर मग..."

"आई."

"काय गं?"

"आत्ता काय केलंस तू?"

ताईंनी मुलीकडे पाहिलं. मग तिच्या नजरेच्या रोखाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात प्यायच्या पाण्याची बाटली होती. रिकामी. झाकण डाव्या हातात. समोर अनंत, आणि त्याच्या मातीवर पाण्याचं डबकं हळूहळू आत मुरत होतं.

"घरी पण असंच करतेस," मुलगी म्हणाली. "उरलेलं पाणी फेकायचं नाही म्हणून जी कुंडी जवळ दिसेल तिच्यात. मला वाटलं, तुला माहीत आहे."

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांना ते आठवत नव्हतं. आजचं आठवत होतं, कारण बाटली हातात होती. कालचं नाही, परवाचं नाही, एकाही संध्याकाळचं नाही. साडेपाचला वजन लिहिणारी बाई त्यांना स्वच्छ आठवत होती. सातला पाणी ओतणारी बाई कोण, हे काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"हसू की नको?" मुलीने विचारलं.

"हस," ताई म्हणाल्या, पण मग मुलगीही हसली नाही.

तिथून दोघी काकांच्या घरी गेल्या. काकांच्या बायकोने दार उघडलं. ताईंनी आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं, "काका, ती मी होते. रोज जाताना मीच पाणी ओतत होते."

काका आतून उठून दाराशी आले.

"ताई, दोन दिवस मी ह्या हातांकडे बघत बसलोय," ते म्हणाले. "हिला विचारलं, मी विसरायला लागलोय का गं?"

"मी म्हटलं, साखर आणायची तेवढी विसरता," बायको म्हणाली. "ते तर लग्नापासून."

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. काकांनी 'असू दे' म्हटलं नाही. उद्या येतो, एवढंच म्हणाले.

शनिवारी अकराला मुख्याध्यापिका बाई आल्या. अनंताला नऊ पानं उरली होती. ताईंनी काही लपवलं नाही. पंधरा दिवसांची वही उघडून दाखवली आणि शेवटी बाटलीचं सांगितलं. दादा ऐकत होते. त्यांच्या हातात एक बेडूक होता, पुसायच्या निमित्ताने घेतलेला.

"म्हणजे पंधरा दिवस तुम्ही पाणी बंदही केलंत आणि रोज घातलंतही?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि दोन्ही मनापासून."

"हो," ताई म्हणाल्या.

मुख्याध्यापिका बाई काकांकडे वळल्या. "जगेल का हो?"

काकांनी कुंडी आडवी केली, टिचक्या मारून मातीचा गड्डा बाहेर काढला, मुळांशी नाक नेलं. काळी पडलेली मुळं दोन बोटांनी ओढली, ती सहज निघून आली. आतली थोडी अजून पांढरी होती. "महिनाभर ठेवा," ते म्हणाले. "पण पाणी मी घालणार. दुसरं कुणी नाही."

"ठेवते," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या आणि कात्रीला धार लावायचा दगड विकत घेऊन निघून गेल्या.

दादा शेल्फपुढे उभे राहिले. "आता ह्याला काय म्हणायचं? धड जगलंही नाही, धड मेलंही नाही. माझा निकाल कसा लागायचा?" मग त्यांनी बेडूक काखेत मारला. "महिनाभर शेल्फ राहू दे. पण ताई, तुमची बाटली गल्ल्यामागे. तिथून बाहेर आणायची नाही."

"नाही आणणार," ताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष शेल्फवरच्या बाकीच्या कुंड्यांवर गेलं. सात होत्या. आधी दगावलेली ती तीन झाडंही ह्याच दाराजवळ, हाताला लागतील अशी ठेवलेली होती. दोन महिन्यांत किती संध्याकाळी, कुठल्या कुंडीत, किती पाणी? वहीत त्याचा एकही आकडा नव्हता.

"काका," त्या म्हणाल्या, "बाकीच्याही बघायच्या का?"

काकांनी पहिली कुंडी उचलली, टिचकी मारली आणि त्यांच्या हातात दिली. मग दुसरी. एक हलकी होती, एक जड. तिसरी कशी आहे ते ताईंना सांगता येईना. त्यांनी ती तशीच धरून काकांकडे पाहिलं.