मीटरवाल्यांचा अक्रोड

"वहिनी, अगं बाहेर ये आधी! दादाच्या झाडाला अक्रोड लागलेत!"

काकू हातातला उशीचा अभ्रा टाकून परसात आल्या. नणंद मान वर करून झाडाखाली उभी होती. पानांआड हिरवे गोळे दिसत होते. एक नाही, दोन नाही, चांगले पंधरा-वीस. खाली पडलेले चार-पाच काकूंनी गोळा केले आणि तिथेच बसून नखांनी साल सोलायला घेतली. आत खरंच अक्रोड होता.

"मेल्या झाडाला आत्ता सुचलं होय!" त्या म्हणाल्या आणि हमसून रडल्या.

काका घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायचे, म्हणून गल्लीत ते मीटरवाले. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी हे रोप आणलं. "कसल्याही थंडीला दाद देणार नाही," असं रोपवाटिकेवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. झाडाने त्याचा शब्द राखला. नळ गोठले, गुलाब जळाले, अक्रोड आपला उभाच. फक्त फळ धरेना. काकांनी खत घातलं, आळं केलं, छाटणी केली आणि दरवर्षी न चुकता जाऊन रोपवाल्याशी भांडण केलं.

"काय मीटरवाले, यंदाचं रीडिंग किती?" शेजारी विचारायचे.

"शून्य!" काका हसून सांगायचे. दार लावलं की ते हसू मावळायचं. मूलबाळ नाही, बढती नाही. या माणसाने आयुष्याकडे मागितलं होतं ते एवढंच. गेल्या हिवाळ्यात, जायच्या दोन दिवस आधी, दवाखान्याच्या खाटेवर आपलेच तळवे बघत ते म्हणाले, "माझ्या हातालाच यश नाही गं."

दुसऱ्या दिवशी काकू एक अक्रोड पिशवीत घालून रोपवाटिकेत गेल्या.

"आमच्या ह्यांनी तुम्हाला उगाच बोल लावले," त्या म्हणाल्या. "तुमचं झाड खरं निघालं."

म्हाताऱ्या रोपवाल्याने अक्रोड उलटसुलट करून पाहिला. "उशिरा का होईना! म्हणजे यंदा मोहोर आला. मी दरवर्षी विचारायचो त्यांना, मोहोर दिसतो का? ते म्हणायचे, एकही नाही. मग फळ कुठून धरणार?"

"कसा असतो हो मोहोर?"

"बोटाएवढा, हिरवा, फांदीला लोंबतो. नवखी माणसं सुरवंट समजून घाबरतात."

काकूंनी टेबलाची कड धरली.

काका लहानपणी सुरवंटाने असे सुजले होते, की नुसतं नाव काढलं तरी त्यांचं अंग खाजायचं. झाडावर सुरवंट दिसले असते तर त्यांनी झाडाकडे पाऊल टाकलं नसतं. म्हणून गेली दहा-बारा वर्षं, थंडी सरली की, काका कामावर गेल्यावर काकू आकडी बांधलेली काठी घेऊन एकूण एक सुरवंट ओढून काढायच्या, खड्डा करून पुरायच्या आणि अवाक्षर बोलायच्या नाहीत. त्यांचा जीव त्या झाडात, आणि काकूंचा त्यांच्यात. यंदा जपायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्या परसात फिरकल्याच नव्हत्या.

चोर घरातच होता. यश नसलेले हात काकांचे नव्हतेच.

"पाणी देऊ का, बाई?"

"नको," त्या म्हणाल्या. अक्रोड मात्र तिथेच विसरून आल्या.

घरी नणंदेने उरलेले अक्रोड धुऊन ताटात वाळत घातले होते. "दादा असता तर गल्लीभर वाटत सुटला असता गं!"

"मीच ते..." काकू म्हणाल्या.

"काय?"

काकूंनी ताटातला एक अक्रोड उचलला. नणंदेने त्यांचा हात उजेडात ओढला. "अगंबाई, काळे ठिक्कर झालेत की! त्या हिरव्या सालीचा डाग हा. लिंबू चोळ, थोडा तरी जाईल."

काकूंनी दोन्ही तळवे समोर धरले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.